पहिले पन्नास हजार आयटीआयच्या दारात द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: नवे यंत्र करू पाहणाऱ्या गावातल्या कारागिरांना प्रयोगासाठी तालुक्यातच मदत मिळण्याबाबत.

महोदय,

बपेरा हे भंडारा जिल्ह्याचे टोकाचे गाव. तुमसरहून सिहोरा, सिहोऱ्याहून बपेरा आणि पुढे नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. सगळा पट्टा धानाचा. मी या गावचा. नोकरी आपल्याच विभागात केली. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून टर्नर-फिटरच्या पोरांना शिकवले आणि निवृत्त होऊन घरच्या बांध्यांवर परत आलो. हे पत्र मी शेतकरी म्हणून लिहितो आहे, तसेच विभागाचा जुना माणूस म्हणूनही. मागणे एकच आहे. नवे तंत्र शोधणाऱ्या लहान उद्योगांना सरकार जो पैसा देते, त्यातला पहिला, अगदी छोटा हप्ता तालुक्याच्या आयटीआयच्या दारात मिळावा. तो कंपनी काढायच्या आधी मिळावा, मराठी अर्जावर मिळावा आणि खर्च करायच्या आधी हातात पडावा.

मागणे कशातून आले ते आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी सिहोऱ्याच्या रस्त्याला वेल्डिंगचे दुकान चालवतो. ट्रॉल्यांची कामे, अवजारांची दुरुस्ती, हंगाम नसला की खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे धान कापून कडपा बांधीत पडलेला असतो आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. हे आता दर दोन-तीन वर्षांनी ठरलेले. भिजलेला धान पुंजण्यात तापतो, दाणा काळा पडतो, कधी कोंबही फुटतात. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. मग डांबरी रस्त्यावर, शाळेच्या पटांगणात, समाजमंदिराच्या ओट्यावर, मिळेल तिथे धान पसरायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे. ज्याला थांबणे परवडत नाही तो व्यापारी म्हणेल त्या भावात देऊन मोकळा होतो. मोठ्या मिलवाल्यांकडे वाळवणी यंत्रे असतात, पण ती त्यांच्या मापाची. दोन-तीन एकरवाल्याच्या दहा-वीस पोत्यांसाठी ती कोणी सुरू करत नाही.

या पोराने राईस मिलच्या भुशावर चालणारे छोटे वाळवणी यंत्र करायला घेतले. पत्र्याची चौकोनी पेटी, तळापासून हातभर उंचीवर भोकांच्या पत्र्याचा दुसरा तळ आणि त्याच्या खालून गरम हवा. गावातल्या विजेवर मोठा पंखा ओढवत नाही आणि शेतीची थ्री-फेज लाइन कधी दिवसाची तर कधी रात्रीची, म्हणून पंखा ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, घेतला. इंधनाचा प्रश्न नव्हता. धानाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भुसाच असतो आणि तो इथल्या प्रत्येक मिलच्या मागे ढिगाने पडलेला दिसतो. पण हा भुसा जळताना राख फार सोडतो. भुशाच्या वजनाचाही साधारण पाचवा हिस्सा राख, आणि ती बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूचीच जात. ती भट्टीच्या जाळीत घट्ट बसे, हवा कोंडे आणि भट्टी नुसती धुमसत राही. त्याने सपाट जाळी काढून पायऱ्या-पायऱ्यांची तिरपी जाळी बसवली. राख आपोआप खाली सरकू लागली. धुराचा वास तांदळाला लागू नये म्हणून धूर नळ्यांतून वेगळा काढला आणि हवा त्या नळ्यांभोवती फिरवून तापवली. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. भट्टीपुढे बसून, खोलून आणि पुन्हा जोडून त्याने ते काढले.

यानंतर खरी अडचण आली. पेटीतला खालचा थर वाळून कडक होई आणि वरचा ओलाच राही. आच वाढवली तर दाण्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जात. असा दाणा मिलमध्ये तुटतो आणि कनकी वाढते. मिलवाला मूठभर तांदूळ तळहातावर घेतो आणि भाव पाडतो. म्हणजे हवा चाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि थोडा वेळ खालून, थोडा वेळ वरून अशी दिशा बदलत द्यायची. त्याला झडपा हव्यात, हवेची दुसरी वाट हवी, भरवशाचा तापमापक आणि ओलावा मोजायचे चांगले यंत्र हवे. तोवर त्याचे चाळीसेक हजार रुपये घातले गेले होते. काही दुकानातले, काही बायकोने बचत गटातून उचललेले. काम तिथे थांबले. पेटी आज दुकानाच्या मागे उभी आहे आणि तिच्यावर जुने टायर ठेवलेले आहेत.

महोदय, हाच प्रश्न व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या खोऱ्यात सुटलेला आहे. तिथे भुशावर चालणारी, सपाट पेटीची अशी वाळवणी यंत्रे गावोगाव आहेत. हो ची मिन्ह शहरातल्या नोंग लाम विद्यापीठाच्या अभियंत्यांनी आराखडे केले, सुधारत नेले आणि हवा उलटवण्याची सोयही त्यात आणली. यंत्रे बांधली मात्र तिथल्या लहान-लहान वर्कशॉपांनी. आमच्या पोराला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या शेजारी बसून हे सांगणारा एक अभियंता आणि झडपांपुरते पैसे, एवढ्या दोन गोष्टी वेळेवर मिळाल्या असत्या तर सिहोऱ्याच्या रस्त्यावर त्या जातीचे यंत्र आज चालू असते.

सरकारकडे पैसा नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. तयार यंत्र विकत घ्यायला आमच्याकडे मदत भरपूर मिळते आणि लोक ती घेतातही. महाडीबीटीवर अर्ज करून रोटाव्हेटर, पॉवर टिलर, मळणी यंत्र घेणारे शेतकरी प्रत्येक गावात सापडतील. कृषी यांत्रिकीकरणात किमतीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. धंदा टाकायचा तर पीएमईजीपी आहे, २०१९ पासून राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. अन्नप्रक्रियेला केंद्राच्या योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत मदत आहे. या योजनांनी अनेकांचे संसार उभे राहिले. पण त्या सगळ्यांच्या कागदपत्रांत एक कागद असतोच, कोटेशन. जे यंत्र अजून जगात आलेच नाही त्याचे कोटेशन कोण देणार? आणि करणाऱ्याने ते कसेबसे पुरे केले तरी अनुदानाच्या यादीत यायला मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. आमच्या बाजूने बघितले तर त्यासाठी दूरचे केंद्र गाठावे लागते.

दुसरा पैसा नवनिर्मितीचा. तोही आहे आणि तो आणणाऱ्यांचे मी मनापासून कौतुक करतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना पहिला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत देते, आणि त्यासाठी कंपनी असलीच पाहिजे असे नाही. एकटा माणूसही अर्ज करू शकतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात ९४५ कोटी रुपये ठेवले गेले आणि कल्पना सिद्ध करायला, नमुना करायला, चाचण्यांना २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅक या केंद्राच्या संस्थेचे इग्निशन ग्रँट ५० लाखांपर्यंत जाते. सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालय मार्च २०२२ पासून एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत देते. आपल्या राज्याने २०१८ मध्ये स्टार्टअप धोरण आणले. पेटंटच्या खर्चाचा मोठा भाग परत मिळू लागला. स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारनेच १५ लाखांपर्यंतची कामे दिली. २०२२ च्या स्टार्टअप यात्रेत तर आपला विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत फिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले, ५०० कोटींचा महा-फंड जाहीर झाला, आणि आयटीआय व तंत्रनिकेतनांमध्ये मायक्रो इन्क्युबेटर उभारायचे ठरले.

हा शेवटचा निर्णय वाचला तेव्हाच पत्र लिहायचे मी नक्की केले.

कारण आजवर या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळत आल्या आहेत. पैसा इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना सांभाळणाऱ्या केंद्रामार्फत, मिळतो आणि इन्क्युबेटर मोठ्या शहरात, बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयात नाहीतर विद्यापीठात असतो. आमच्यासाठी जवळात जवळ म्हणजे नागपूर, शंभर किलोमीटरच्या पल्ल्यावर. माझा विद्यार्थी एका शहरातल्या अशा केंद्रात जाऊन आला. लोक वाईट नव्हते. त्यांनी त्याला चहा दिला, मोबाइलवरचे फोटो बघितले आणि तीन गोष्टी सांगितल्या. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढ, दहा स्लाइडचे इंग्रजी सादरीकरण कर, आणि पाच वर्षांत किती यंत्रे विकशील त्याचा तक्ता आण. पायऱ्यांची जाळी त्याला का सुचली, हे कोणी विचारले नाही. तो परत आला तो पुन्हा गेलाच नाही. दुकान बंद ठेवून नागपूरला जाणे म्हणजे त्याची दिवसाची कमाई बुडते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. कंपनी काढली की दरवर्षी सीए, विवरणपत्रे, हिशेब तपासणी. वर्षाला ते ओझे वाहायला आधी धंदा चालायला हवा, आणि धंदा चालायला आधी यंत्र पुरे व्हायला हवे. परताव्याच्या योजनांचीही गत तीच. ८० टक्के परत मिळतील हे ऐकायला फार बरे वाटते, पण आधी शंभर टक्के खिशातून घालायचे आहेत.

आमच्या झाडीपट्टीत याचे एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्याच्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या साली वेगळ्या लावल्या, निवड करत राहिले आणि बारीक, चवदार, भरघोस येणारा वाण हाती आला. १९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या लाडक्या मनगटी घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. आज आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला एचएमटी लागतो आणि शेजारच्या राज्यांतही तो पिकतो. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण आणला तेव्हा श्रेय कोणाचे, यावर वाद झाला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. अखेरच्या काळात उपचारांच्या खर्चाची ओढाताण होती, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले. डीआरके, नांदेड हिरा, दीपक रत्न असे आणखीही वाण त्यांनी दिले. लाखो एकरांवर पेरल्या गेलेल्या वाणाच्या जनकाला त्या वाणातून पैसा मिळाला नाही, कारण काम चालू होते त्या काळात त्यांच्या हातात पैसा नव्हता, कागद नव्हता आणि पाठीशी कोणी संस्था नव्हती. पुरस्कार आला तो वाण सगळीकडे पसरून गेल्यावर.

हे मला वारंवार आठवते, कारण लोकांचा एक समज असतो: खरी प्रतिभा असेल तर ती पैशावाचूनही वर येतेच. दादाजींचे काम वर आले, हे खरे. दादाजी वर आले नाहीत. आणि लोंब्या निवडायला जमीन आणि चिकाटी पुरते. लोखंडाच्या कामात पत्रा, बेअरिंग, मोटर प्रत्येक वेळी रोख विकत घ्यावी लागते. तिथे पैशावाचून थांबलेले काम कोणाच्या नजरेलाही पडत नाही.

तेलंगणातल्या आलेरचे चिंताकिंडी मल्लेशम यांनी आईचा खांदा दुखतो म्हणून पोचमपल्ली साडीच्या आसू कामाचे, म्हणजे सूत खुंट्यांभोवती गुंडाळण्याच्या कामाचे, यंत्र करायला घेतले. एका साडीसाठी आईला हजारो वेळा हात फिरवावा लागे. १९९२ ला सुरुवात, १९९९ ला यंत्र पुरे. मधल्या काळात त्यांनी कर्ज काढले, हैदराबादला जाऊन मजुरी केली. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सात वर्षांतली किती वर्षे केवळ पैशाची वाट बघण्यात गेली असतील? आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचे विणकाम आहे. कोशाचा धागा मांडीवर वळून काढण्याने बायकांच्या मांड्यांची कातडी सोलवटून निघायची. त्यावर यंत्रे आली ती केंद्रीय रेशीम मंडळाच्या प्रयोगशाळेतून. चांगलेच झाले. पण रोवणीच्या वेळी दिवसभर चिखलात वाकून परे लावणाऱ्या बायका प्रत्येक बांधीत आहेत, आणि बाहेरून आलेली रोवणी यंत्रे मोठ्या सपाट शेतांसाठी, ट्रेमध्ये वाढवलेल्या चटईसारख्या पऱ्यांसाठी बनलेली आहेत. आमच्या एवढ्याएवढ्या, खालीवर असलेल्या बांध्यांत ती वळायलाच जागा मागतात. आमच्या मापाचे यंत्र या बांध्या पायांनी तुडवलेला माणूसच करील, अशी माझी खात्री आहे.

लहान उद्योगांना प्रयोगासाठी सरकारी पैसा देण्याची जगातली सर्वांत नावाजलेली योजना अमेरिकेची आहे. १९७७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्याने ती छोट्या प्रमाणात सुरू केली आणि १९८२ मध्ये तिचा कायदा झाला. संशोधनावर बाहेर दहा कोटी डॉलरांहून जास्त खर्च करणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी बाजूला ठेवायचा. हा हिस्सा वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. मला त्यातला भावलेला भाग पैशाच्या आकड्याचा नाही. पैसा टप्प्याने द्यायचा, ही त्यामागची शिस्त मोलाची आहे. पहिला टप्पा छोटा आणि काही महिन्यांचा, फक्त एवढेच तपासायला की ही गोष्ट होण्यासारखी आहे का. जे टिकतात त्यांना दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम. पहिल्या टप्प्यात पुष्कळ प्रयोग गळतील हे गृहीतच धरलेले असते आणि त्याबद्दल कोणाला गुन्हेगार ठरवले जात नाही. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने याच धर्तीवर २००५ मध्ये योजना आणली. तीही चांगली, पण वेल्डरपर्यंत यायचा तिचा रस्ता नाही.

तेलंगणाने हा रस्ता काढला. त्यांच्या राज्य नवोन्मेष कक्षाने २०१९ पासून 'इंटिंटा इनोव्हेटर' सुरू केले. व्हॉट्सॲपवर आपल्या वस्तूचा फोटो, छोटा व्हिडिओ आणि चार ओळी पाठवायच्या, आणि स्वातंत्र्यदिनाला जिल्ह्याच्या ठिकाणी ती वस्तू लोकांपुढे मांडायची. शेतकरी, शाळकरी मुले, गृहिणी, मेकॅनिक सगळे येऊ लागले. गुजरातच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने तर त्याच्याही आधी, २००३ मध्ये, सिडबीबरोबर एक निधी काढला होता. तारण न घेता, साध्या करारावर तळागाळातल्या संशोधकाला पैसा द्यायचा. म्हणजे आपल्या देशात हे झालेले आहे आणि अधूनमधून चाललेलेही आहे. महाराष्ट्राने ते तालुक्यापर्यंत न्यावे एवढेच उरले आहे. आणि महाराष्ट्राला जे सहज शक्य आहे ते इतर अनेक राज्यांना नाही, कारण इथे आयटीआय आणि स्टार्टअपच्या योजना राबवणारी राज्याची नाविन्यता सोसायटी एकाच मंत्र्यांच्या अखत्यारीत आहेत.

राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. बहुतेकांत लेथ आहे, वेल्डिंगचे बूथ आहेत, मोजमापाची हत्यारे आहेत, इलेक्ट्रिशियनची कार्यशाळा आहे. दिवसातले काही तास आणि सुट्ट्यांचे आठवडे ही यंत्रे बंद असतात. मी ती झाकून ठेवलेली पाहिली आहेत. मायक्रो इन्क्युबेटर म्हणजे एका खोलीत चार संगणक, दारावर फलक आणि उद्घाटनाची फीत असे होऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या खोलीऐवजी कार्यशाळेची किल्ली द्या. बाहेरच्या कारागिराला ठरावीक वेळी, निदेशकाच्या देखरेखीखाली लेथवर जॉब काढू द्या. विम्याचे आणि सुरक्षेचे नियम करा, ते व्हायलाच हवेत. निदेशकाला त्या वेळेचा मोबदला द्या. ज्याच्या हाताखालून शेकडो मुले गेली त्याला कोणता पोरगा काय करू शकतो हे कोणत्याही निवड समितीपेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि तिथेच पहिले पन्नास हजार द्या. अर्ज एका पानाचा, मराठीत, हाताने काढलेल्या आकृतीसह. मुलाखत त्याच्या दुकानात, अर्धवट यंत्रापुढे उभे राहून. आधार कार्ड आणि बँक खाते पुरे, कंपनी नको. सहा महिन्यांनी यंत्र चालते का ते बघा. चालत असेल, सुधारत असेल, तर दोन लाखांपर्यंत दुसरा हप्ता आणि सोबत एक अभियंता जोडून द्या. साकोलीचे कृषी संशोधन केंद्र, वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, नागपूरचे व्हीएनआयटी, अकोल्याचे विद्यापीठ, यांतल्या योग्य त्या संस्थेतला. त्यानंतर नागपूरच्या इन्क्युबेटरने त्याला हाती घ्यावे. तोवर त्याच्याकडे दाखवायला चालते यंत्र असेल आणि कंपनी काढायला कारणही असेल. हिशेब अवघड नाही. चारशे आयटीआय, प्रत्येकी पाच माणसे, प्रत्येकी पन्नास हजार, म्हणजे १० कोटी रुपये. महा-फंडाच्या ५०० कोटींत हा खर्च दोन टक्के होतो.

गैरवापर होईल, अशी हरकत वित्त विभाग घेईल, आणि ती रास्त आहे. सार्वजनिक पैसा मोजून-मापूनच जायला हवा. पण पन्नास हजारांतले सामान आयटीआयच्या नोंदवहीत चढवता येते, बिले तिथेच तपासता येतात, आणि यंत्र झाले की नाही हे गावाला दिसतेच. हिशेब द्या, आणि प्रयोग फसला तर का फसला ते दोन पानांत लिहून द्या, एवढी अट घाला. ती दोन पाने सर्व आयटीआयना वाचायला ठेवा. माझ्या विद्यार्थ्याने सपाट जाळी का काढली हे गोंदियाच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पोराला आधीच वाचायला मिळाले तर त्याचा हंगाम वाचेल. फसलेल्याकडून वसुली मात्र काढू नका. एकदा तलाठ्यामार्फत नोटीस आली की त्या गावात पुढे कोणी अर्ज करणार नाही.

या जिल्ह्याला तंत्र नवे नाही. डोंगरी बुजुर्गला मॉयलची मँगनीजची खाण आहे आणि तिथल्याच कारखान्यात कोरड्या बॅटरीला लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार होते. भंडाऱ्याची पितळी भांडी पिढ्यान्पिढ्या देशभर गेली. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. कामगार म्हणून आमच्या माणसांच्या हातांवर सगळ्यांनी विश्वास टाकला आहे. नवे काही करणारा म्हणून तो टाकायची वेळ आली आहे.

एक गोष्ट वेळेची. धान वाळवण्याचे यंत्र वर्षातून फक्त दोनदा तपासता येते. खरिपाचा धान दिवाळीच्या आगेमागे निघतो आणि उन्हाळी धान मे महिन्यात. अर्जांची छाननी, समिती, मंजुरी, कोषागार असे करत पैसे जानेवारीत आले तर खरिपाचा हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून अर्ज उन्हाळ्यात घ्यावेत आणि पहिला हप्ता पोळ्याच्या आत खात्यात जमा व्हावा. रोवणीचे यंत्र करणाऱ्याला तोच हप्ता मृगाच्या आधी लागेल. तारखा आर्थिक वर्षावर बांधण्याऐवजी पिकावर बांधा, आणि कोणत्या पिकासाठी कोणत्या तारखा हे प्रत्येक जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याला विचारून ठरवा.

सुरुवात तुमसरच्या आयटीआयपासून करावी. मायक्रो इन्क्युबेटरच्या पहिल्या यादीत त्याचे नाव घाला आणि पन्नास हजारांच्या हप्त्याचा शासन निर्णय काढा. तुमसर, मोहाडी आणि सिहोरा भागातली वर्कशॉप मला माहीत आहेत. बहुतेकांत मी शिकवलेली मुले आहेत. अर्जाचा नमुना मराठीत निघाल्यापासून महिन्याभरात पहिले अर्ज, आकृत्यांसह, गोळा करून तुमसरला आणून देण्याची जबाबदारी मी घेतो. त्यातला एक भुशाच्या भट्टीचा असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक व धान उत्पादक शेतकरी,
बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा.